नानांचं सोलर आणि कुलाब्याचा अ‍ॅडम्स

आमच्या घरात गेले दोन महिने एका विषयावर भांडण चालू होतं. भांडण म्हणजे आदळआपट नाही. नाना पेपरात डोकं घालून बसायचे आणि मी चहाचा कप घेऊन समोर. दोघंही वेगळंच काहीतरी बोलायचो, पण विषय एकच, गच्चीवरचं सोलर.

सोलर म्हणजे पाणी तापवायचं. आमच्याकडे औरंगपुऱ्यात अजूनही नुसतं 'सोलर' म्हटलं की आंघोळीचं पाणीच समजतात. वीज तयार करणाऱ्याला 'पॅनल' म्हणायचं. नानांनी ते सोलर 1994 साली बसवलं. शंभर लिटरची टाकी, पुढे काच लावलेली काळी पेटी, पेटीत तांब्याच्या नळ्या. त्याआधी आमच्या न्हाणीघरात तांब्याचा बंब होता. ज्यांच्या घरी बंब होता त्यांना सांगायला नको, की सकाळी बंब पेटवणं हे घरातल्या एका माणसाचं पूर्णवेळ काम असायचं. आमच्या घरात ते आईचं होतं. धूर तिच्या डोळ्यांत आणि गरम पाणी आमच्या बादलीत, अशी वाटणी होती. सोलर आलं त्या दिवशी तिने बंब घासून माळ्यावर टाकला. तो पुन्हा खाली आला नाही.

तर आता माझं म्हणणं असं होतं, की ते सोलर काढून भंगारात द्यावं आणि सगळी गच्ची विजेच्या पॅनलना मोकळी करावी. 2024 पासून केंद्र सरकारची घरगुती पॅनलची योजना आहे, तीन किलोवॉटला 78 हजार अनुदान मिळतं. गच्ची लहान. नाही म्हणायला सोलरचं पाणीही हल्ली धड तापत नव्हतं. बोअरच्या पाण्याने नळ्यांत क्षार धरलेले. वर शेजारी, पश्चिमेला, जुना वाडा पाडून दुकानांची इमारत उभी राहतेय. तिचा एकेक मजला चढतोय तसतसं आमच्या गच्चीवरचं ऊन आटतंय.

नानांचं म्हणणं एकाच वाक्यात होतं.

"पाणी तापवायला वीज कशाला पाहिजे रे तुला?"

मी इंजिनियर. मी लगेच आकडे काढले. आणि तिथेच फसलो. आकडे काढता काढता मी दीडशे वर्षं मागे गेलो, आणि कुलाब्याच्या एका बंगल्याच्या आवारात जाऊन पोचलो. ती गोष्ट तुम्हाला सांगायची आहे.

पण आधी एक शब्द. कार्यक्षमता. शाळेत आपण शिकतो, की किती मिळालं भागिले किती घातलं. बस्स. गंमत अशी, की आपण नेहमी अंशाकडे बघतो आणि छेदाकडे कोणी बघत नाही. किती घातलं म्हणजे नक्की काय घातलं? ऊन? पैसे? जागा? आईचे डोळे? सूर्याच्या यंत्रांचा इतिहास मी जसजसा वाचत गेलो तसतसं मला वाटायला लागलं, की ज्याने ज्याने या धंद्यात खरी मजल मारली त्याने आधी छेद बदलला आहे.

कुलाब्याचा तो माणूस म्हणजे विल्यम अ‍ॅडम्स. मुंबईच्या हायकोर्टात डेप्युटी रजिस्ट्रार. म्हणजे दिवसभर फायली, दावे, सह्या. आणि घरी आल्यावर आरसे! 1870 च्या दशकात फ्रान्समध्ये ऑग्युस्तँ मूशो नावाच्या गणिताच्या मास्तराने सूर्यावर चालणारं वाफेचं इंजिन करून दाखवलं होतं. मूशोचं यंत्र म्हणजे उलट्या छत्रीसारखा, चांदीचा मुलामा दिलेला धातूचा भलामोठा आरसा, आणि मधोमध बॉयलर. सूर्य सरकला की सगळं धूड त्याच्याबरोबर फिरवायचं, बॉयलरसकट. अ‍ॅडम्सने हे वाचलं आणि त्याला दोन गोष्टी खटकल्या. चांदीचा मुलामा महाग, आणि तो काळा पडतो. आणि यंत्र मोठं करायचं म्हटलं तर एवढं वजन फिरवणार कसं?

म्हणून त्याने साधे सपाट काचेचे आरसे घेतले. सतरा इंच लांब, दहा इंच रुंद. प्रत्येक आरशाचा कवडसा एकाच ठिकाणी पडेल असे ते लावले. आपण लहानपणी वर्गात मास्तरांच्या तोंडावर कवडसा पाडायचो तेच, फक्त 72 पोरांनी एकाच वेळी एकाच तोंडावर पाडल्यासारखं. मग त्याने ते आरसे बॉयलरभोवती अर्धवर्तुळात मांडले, चौकटी रुळांवर ठेवल्या आणि ढकलायला एक गडी नेमला. सूर्य सरकेल तशी आरशांची रांग सरकायची. बॉयलर मात्र जागचा हलायचा नाही.

1878 साली त्याच्या मिडल कुलाब्याच्या बंगल्याच्या आवारात अडीच अश्वशक्तीचं वाफेचं इंजिन उन्हावर चालून पंपाने पाणी उपसत होतं. पंधरा दिवस त्याने ते दिवसाउजेडी चालवलं आणि लोकांना बघायला बोलावलं. त्याच वर्षी त्याने इंग्रजीत पुस्तक लिहिलं, मुंबईतच छापलेलं. उष्ण प्रदेशात इंधनाऐवजी सूर्याची उष्णता वापरा, असं सरळ नावातच सांगणारं. शिवाय आठ आरशांची एक चूलही त्याने केली होती. तिच्यावर सात शिपायांचं जेवण दोन तासांत शिजलं, तेही जानेवारी महिन्यात.

ही गोष्ट मला आमच्या इंजिनियरिंग कॉलेजात कोणी सांगितली नव्हती. आम्हाला सौरऊर्जेला सुखात्म्यांचं पुस्तक होतं. आयआयटी मुंबईचे सुहास सुखात्मे, त्यांचं 1984 सालचं. उत्तम पुस्तक, अजूनही माझ्या कपाटात आहे. आम्ही त्यातली उदाहरणं पाठ केली आणि पास झालो. मुंबईच्याच एका आवारात शंभर वर्षांआधी कोणी रुळांवर आरसे ढकलत होतं याचा पत्ता नव्हता.

अ‍ॅडम्सला हे सगळं करावंसं का वाटलं? कोळसा! मुंबईच्या गिरण्या तेव्हा विलायतेहून जहाजाने आलेल्या कोळशावर चालत. कोळसा आपल्याकडे येईपर्यंत त्याची किंमत कुठल्या कुठे जायची. आणि लाकूड म्हटलं तर जंगलं बोडकी होत चाललेली. मूशोने छेदात ऊन ठेवलं होतं, की एवढ्या उन्हातून किती वाफ निघाली. अ‍ॅडम्सने छेदात रुपये ठेवले. एवढ्या पैशात किती वाफ? आरशाची एक काच फुटली तर बाजारातून दुसरी आणता येईल का? (हा कोर्टातला माणूस, त्याला खर्चाचा तक्ता कळत असणार.) चांदीपेक्षा काच स्वस्त, हलकी आणि उजेड जास्त परतवणारी. म्हणजे त्याने अंश वाढवला आणि छेदही कमी केला, दोन्ही एका आरशात.

पुढे काय झालं? काही नाही. कोळसा स्वस्त होत गेला, आगगाडी सगळीकडे पोचली. आमच्या औरंगाबादेत (आता छत्रपती संभाजीनगर, पण जुन्या काळाबद्दल लिहिताना जुनंच नाव बोटांवर येतं) रेल्वे 1900 साली आली. अ‍ॅडम्सचे आरसे कुठे गेले कोण जाणे. पण त्याची कल्पना 1982 साली अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात पुन्हा उभी राहिली. मधोमध मनोरा, मनोऱ्यावर बॉयलर, आणि जमिनीवर 1818 फिरते आरसे. दहा मेगावॉट. गड्याच्या जागी कॉम्प्युटर आला एवढंच.

तसं बघितलं तर इंधन न जाळता काम करून घेणं आमच्या गावाला नवीन नाही. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला डोंगराकडचं पाणी जमिनीखालच्या नहरीतून शहरात आणलं. पुढे तसंच नळांतून आणलेलं पाणी पाणचक्कीवर उंचावरून पाडून पीठ दळलं. ना पंप, ना बैल. दर्ग्याला येणाऱ्या फकिरांना आणि वाटसरूंना त्या पिठाची भाकरी मिळायची. लहानपणी नाना आम्हाला तिथे घेऊन जायचे. चक्कीपेक्षा हौदातल्या माशांकडेच आमचं लक्ष जास्त. असो.

आता नानांच्या काळ्या पेटीकडे येतो, कारण माझं गर्वहरण तिथे झालं.

काळा रंग ऊन पितो हे कोणीही सांगेल. पण काळी वस्तू तापली की ती स्वतःही उष्णता बाहेर फेकते. म्हणजे एका हाताने घ्यायचं, दुसऱ्या हाताने द्यायचं. 1767 साली स्वित्झर्लंडच्या द सोस्यूरने पेटीला एकावर एक काचा लावून ही गळती बरीच रोखली आणि उकळत्या पाण्याच्या वर तापमान नेलं. पण खरी युक्ती 1955 साली इस्राएलच्या हॅरी टेबॉरला साधली. त्याने धातूवर असा पातळ काळा थर चढवला, की जो उन्हाला काळा आहे पण उष्णतेला चकचकीत. ऊन आत घेतो आणि उष्णता बाहेर सोडत नाही. नानांच्या पेटीत तांब्यावर जो निळसर काळा थर आहे तो याच घराण्यातला. मी तो इतकी वर्षं ऑइलपेंट समजत होतो!

मग मी हिशेब मांडला. तुम्हीही बरोबर मांडा, सोपा आहे.

आमच्याकडे वर्षभराची सरासरी काढली तर एका चौरस मीटरवर दिवसाला साधारण साडेपाच युनिट ऊन पडतं. नानांची पेटी दोन चौरस मीटरची, म्हणजे रोजचे अकरा युनिट. शंभर लिटर पाणी 25 अंशांवरून 60 वर न्यायला चार युनिट उष्णता लागते. म्हणजे पेटी धड असेल तर अकरातले चार हाताशी येतात, 37 टक्के. आता तेवढ्याच जागेत विजेचं पॅनल ठेवा. कंपनीच्या कागदावर 20 ते 22 टक्के लिहिलेलं असतं. धूळ, ताप, तारा, इन्व्हर्टर हे सगळं वजा जाता गिझरपर्यंत पोचतात पावणेदोन, फार तर दोन युनिट. म्हणजे तेवढ्याच जागेत 1994 सालची पेटी आजच्या पॅनलच्या दुप्पट पाणी तापवते!

हा कागद मी नानांना दाखवला नाही. आधी म्हटलं, कुठे चुकलंय ते बघू.

चुकलं नव्हतं. पण पळवाट सापडली, हीट पंप. फ्रिज उलटा चालवल्यासारखं ते यंत्र असतं. बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून पाण्यात ढकलतं, त्यामुळे एक युनिट विजेत तीन युनिट उष्णता मिळते. पावणेदोन गुणिले तीन म्हणजे सव्वापाच. जिंकलो! लगेच नानांना सांगितलं. त्यांनी किंमत विचारली. मी सांगितली. मग त्यांनी विचारलं, बिघडलं तर दुरुस्त कोण करणार, आणि पहाटे पाच वाजता आवाज करणार का. मी गप्प बसलो. नानांच्या छेदात काय काय असतं ते बघा.

विजेची गोष्ट मात्र वेगळ्याच वेगाने धावली, हे कबूल केलं पाहिजे. 1839 साली फ्रान्सच्या बेकरेलला उजेडातून वीज निघते हे दिसलं. पण उपयोगी म्हणावा असा सिलिकॉनचा घट व्हायला 1954 उजाडावं लागलं. अमेरिकेच्या बेल लॅबमध्ये चॅपिन, फुलर आणि पिअरसन या तिघांनी केला. 6 टक्के! आज गल्लीतल्या दुकानात मिळणारं पॅनल त्याच्या साडेतीनपट आहे. एका थराच्या सिलिकॉनची शास्त्राने ठरवलेली मर्यादा 29 च्या आसपास आहे. म्हणून आता त्यावर पेरोव्हस्काइट नावाच्या पदार्थाचा दुसरा थर चढवतात. निळा-हिरवा उजेड वरचा थर घेतो, लाल उजेड खालचा. प्रयोगशाळेत हे 34 टक्क्यांच्या वर गेलं आहे. ते उन्हापावसात पंचवीस वर्षं टिकलं की मग गच्चीवर येईल.

पण पॅनलची एक खोड आहे आणि ती आमच्यासारख्या गावाने नीट ओळखून घेतली पाहिजे. त्याला ऊन हवं असतं, ऊब नको असते. कागदावरची टक्केवारी पॅनल 25 अंशांवर असताना मोजलेली असते. मे महिन्याच्या दुपारी हवा 42 वर असते तेव्हा पॅनल 65 च्या पुढे गेलेलं असतं. दर अंशाला साधारण 0.35 टक्के उत्पन्न पडतं, म्हणजे चाळीस अंशांना 14 टक्के. वैशाखातल्या रणरणत्या दुपारपेक्षा फेब्रुवारीतल्या गार वाऱ्याच्या दुपारी पॅनल जास्त खुशीत असतं. ते गच्चीच्या फरशीला चिकटवून न बसवता खालून वारा खेळेल असं उंच बसवायचं ते याचसाठी. आमच्याकडे सर्रास आठ-दहा फूट उंच सांगाडा करतात, खाली पापड वाळत घालता यावेत म्हणून. पॅनलला वारा मिळतो तो फुकटात!

आणि हे साडेपाच युनिट, साडेपाच युनिट जे मी म्हणतोय ते मोजलं कोणी?

हा प्रश्न मला फार उशिरा पडला. उत्तर पुण्यात आहे. अ‍ॅना मणी. केरळात जन्मलेल्या, पुण्याच्या हवामान खात्यात उपकरणांचं काम बघायच्या. 1957-58 हे आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्ष होतं, तेव्हा त्यांनी देशभर ऊन मोजणारी केंद्रं उभी करायला घेतली. मोजायची उपकरणं बाहेरून आणायला परवडेनात, तेव्हा ती इथेच करायची असं ठरलं. चुकीचं मोजण्यापेक्षा न मोजलेलं बरं, अशा कडक शिस्तीची बाई. वर्षानुवर्षांच्या त्या नोंदींतून 1980 साली भारतातल्या उन्हाच्या आकड्यांचा जाडजूड ग्रंथ निघाला. पुढचं वर्ष उलटायच्या आत दुसराही आला. तेव्हा देशात पॅनल नव्हती म्हटलं तरी चालेल. बघा, सगळी दुनिया अंशामागे धावत असताना ही बाई पंचवीस वर्षं छेद मोजत बसली होती. आज कुठल्याही गावात कोणी सौर प्रकल्पाचा कागद करतो तेव्हा त्या कागदाच्या मुळाशी ही मोजणी असते. मला विचाराल तर आपल्याकडच्या सौरऊर्जेत एवढं मोठं काम दुसऱ्या कोणाचं नाही. मतभेद असू शकतात.

उष्णतेचा धागा आपल्या भागातही पुढे चालत आला आहे, नुसता मुंबईत राहिला नाही. 2006 साली लातूरला महानंदच्या डेअरीत एक प्रचंड ताट उभं राहिलं. 160 चौरस मीटरचं, नाव 'अरुण'. आयआयटी मुंबईचे शिरीष केदारे आणि क्लिक नावाची कंपनी यांचं ते काम. (केदारे पुढे 2024 मध्ये आयआयटी मुंबईचे संचालक झाले.) हे ताट एका अखंड पत्र्याचं नाही. त्यात सपाट आरशांचे तुकडे सांगाड्यावर पायरी-पायरीने बसवलेले आहेत. अ‍ॅडम्स बघता तर खूश झाला असता! ताट दिवसभर सूर्यामागे फिरणार, दाबाखालचं पाणी 180 अंशांच्या आसपास तापणार, ते जाड वेष्टनाच्या टाकीत साठणार. का, तर दूध काही बरोबर दुपारी बारालाच येत नाही. दूध पाश्चराइज करायला 72 अंश लागतात. त्यासाठी भट्टीत फर्नेस ऑइल जाळायचं म्हणजे उदबत्ती लावायला होळी पेटवणं.

शिर्डीचं तर बहुतेकांनी पाहिलं असेल. साईबाबा संस्थानच्या प्रसादालयाच्या गच्चीवर 2009 साली 73 ताटं बसली, प्रत्येक सोळा चौरस मीटरचं. त्यातल्या वाफेवर हजारो माणसांचा स्वयंपाक. ताटाची रचना वुल्फगँग शेफलर या माणसाची. पहिलं चालणारं ताट त्याने 1986 साली केनियात एका मिशनच्या ठिकाणी केलं होतं. त्यातली मेख अशी, की ताट फिरतं पण प्रकाश पडायची जागा जिथल्या तिथे राहते. ऋतू बदलला की ताटाचा बाक थोडा बदलायचा. चूल हलत नाही, आरसा हलतो. कुलाब्यातला तोच मुद्दा. लातूरच्या ताटात तापणारा भाग ताटाबरोबर फिरतो, म्हणजे मूशोची बाजू. दीडशे वर्षं झाली तरी हा वाद मिटलेला नाही, आणि दोन्ही बाजू आपापल्या जागी बरोबर आहेत.

हे सगळं वाचून मी गच्चीवर गेलो. मार्गशीर्ष चालू होता. शेजारच्या इमारतीचा नवा स्लॅब पडलेला, आमच्या कठड्यापेक्षा चांगली दहा फूट उंच भिंत आलेली. मी खडू घेतला आणि दर अर्ध्या तासाने सावलीची कड आखत गेलो. नाना खुर्ची टाकून बसले. सुरुवातीला काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "साडेबाराची रेघ पण मार."

आपल्याकडे घड्याळात बारा वाजतात तेव्हा सूर्य माथ्यावर नसतो, साडेबाराच्या सुमाराला असतो. घड्याळ आपलं साडेब्याऐंशी रेखांशाचं आणि गाव सव्वापंचाहत्तरवर. मला हे माहीत होतं. नानांना कसं माहीत? तर म्हणाले, मे महिन्यात तिसऱ्या आठवड्यात एक दिवस सूर्य डोक्यावर येतो आणि टाकीची सावली टाकीखालीच पडते. ती किती वाजता पडते ते मी तीस वर्षं बघतोय.

साडेतीनला भिंतीची सावली एकोणीस फूट गेली. गच्चीचा पश्चिमेचा पट्टा पूर्ण झाकला गेला. नानांचं सोलर त्याच पट्ट्यात आहे.

म्हणजे पहिल्या नजरेत माझाच विजय. पण आता माझ्या डोक्यात तो काळा थर आणि गळतीचं गणित होतं. पाण्याची पेटी सकाळी थंड असते तेव्हा सगळ्यात जास्त ऊन कामाला लावते. दुपारनंतर पाणीच तापलेलं असल्यामुळे ती जेवढं घेते त्यातलं बरंच बाहेर टाकते. अडीच-तीनपर्यंत तिचं बहुतेक काम झालेलं असतं, नंतरचं ऊन गेलं तरी फार बिघडत नाही. पॅनलचं तसं नाही. त्याला दर तासाचं ऊन सारखंच मोलाचं, आणि सावलीचं त्याला वावडं. एका पॅनलमधले घट साखळीने जोडलेले असतात. कपड्यांच्या दांडीची सावली एका घटावर पडली तर त्या पट्ट्याचं, म्हणजे साधारण एक तृतीयांश पॅनलचं, उत्पन्न बसतं. अलीकडच्या पॅनलमध्ये हा तोटा कमी केला आहे, पण गेलेला नाही.

तेव्हा सावलीच्या पट्ट्यात सोलर आणि उघड्या पूर्वेच्या भागात पॅनल, हीच गच्चीची सगळ्यात चांगली वाटणी. म्हणजे जे जिथे आहे ते तिथेच राहू द्यायचं.

नाना हे पहिल्या दिवसापासून सांगत होते. त्यांचं कारण वेगळं होतं. 2005 नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत, दिवसाचे कित्येक तास वीज नसायची तेव्हा, या घरात एक गोष्ट कधी बंद पडली नाही, आणि ती म्हणजे आंघोळीचं गरम पाणी. धाकट्या बहिणीची बारावी त्याच दिवसांत झाली. आईचं शेवटचं दुखणंही. पहाटे तिला पुसून काढायला लागणारं गरम पाणी नाना त्याच नळातून बादलीत घ्यायचे. मी तेव्हा पुण्याला होतो, नोकरीत. हे मला त्या दिवशी गच्चीवर कळलं, तेही ओघात, सावलीची तीनची रेघ मारताना.

मग एका रविवारी आम्ही पेटी उघडली. सोबत नळाची कामं करणारा एक ओळखीचा मुलगा. औरंगपुऱ्यातल्याच किराणा दुकानातून दोन किलो लिंबूसत्व आणलं. गरम पाण्यात कालवून नळ्यांत भरलं आणि तीन तास ठेवलं. सोडलं तेव्हा खाली पांढरा, चुन्यासारखा गाळ आला, बादलीच्या तळाला चार बोटं. काचेच्या आतल्या बाजूला तीस वर्षांची धूळ होती, ती पुसली. रबर बदललं. तांब्यावरचा थर दोन ठिकाणी उडालेला होता, त्याला हात लावला नाही.

आदल्या दिवशी दुपारी चारला टाकीतलं पाणी 46 अंश होतं. दुसऱ्या दिवशी, तेवढंच ऊन, तेवढीच सावली, मी पुन्हा थर्मामीटर घातला. 59.

नानांना आकडा सांगितला. ते म्हणाले, "साठ नाही झालं?"

पॅनलवाला पुढच्या आठवड्यात माप घ्यायला येतोय. पूर्वेच्या बाजूला सहा बसतात. कपड्यांची दांडी हलवावी लागेल.